ओढ, साडेसव्वीस इंच

येऊरला बस जिथून परत फिरते
त्याच्या पुढे दहा मिनिटं चालत
नवश्या दुमाडाचं छप्पर.
बाहेर भुशाचा ढीग, त्यावर निजलेली कोंबडी,
खांबाला क्यूआर कोडचा कागद, उन्हाने पिवळा.

मी ठरवूनच आले होते:
चाळीस पाउंडांचं, वळल्या टोकांचं, उजव्या हाताचं.
तीन महिने वाचून काढलेलं सगळं
पर्समध्ये घडी करून.
त्याने कागद घेतला नाही.
हाताला डिंक होता.

भिंतीवर दोन धनुष्यं.
एकाची टोकं पुढे मुरडलेली, नवरदेवाच्या मोजडीसारखी.
"हे पलतं," तो म्हणाला, "पण चूक लपवत नाय.
बोट वाकडं सुटलं की बाण चहाडी करतो."
दुसरं सरळ, कावडीसारखं,
माझ्याहून चार बोटं उंच.
"हे हलू. पण समजूतदार."
मी मोजडीकडेच बघत होते.

लाकूड धामणीचं, जव्हारचं, मामाच्या बांधावरचं.
वादळात आडवी झाली,
मग पाच पावसाळे आढ्याला टांगलेली.
पाठीला बांबूची पट्टी.
मी हात फिरवला तर म्हणाला, "उलटा फिरवा,
रेषा तिकडनं कळते."

भंगारातला ताणकाटा त्याने आढ्याच्या हुकाला अडकवला.
"चालीस ओढा."
ओढले.
"आता धरा. मी दहा मोजतो."
सहाला कोपर थरथरलं, सातला हसू आलं,
आठ त्याने मोजलेच नाहीत.
"ओढतं कोणीबी, बाय. धरता येईल तेवढंच आपलं."
वहीत लिहिलं: सव्वीस.

मी सांगून पाहिलं,
नौपाड्याच्या लॅबमध्ये रक्त काढते,
रोज चाळीस-पन्नास दंड बांधते,
उजव्या हाताला शीर कधी चुकलेली नाही.
तो म्हणाला, "बरं."

मग डोळा.
"दोन्ही हात लांब करा, मधी भोक ठेवा सुपारीएवढं,
त्यातनं तो टॉवर बघा."
समोरच्या टेकडीवरचा, मोबाइलचा.
"डावा मिटा."
टॉवर नाही.
नुसता माझा अंगठा आणि त्याच्यामागे ढग.
"उजवा मिटा."
टॉवर होता, लाल दिव्यासकट.
"तुमचा डोला डावा. उजव्यानं धनुष्य धरायचं,
ओढायचं डाव्यानं."

डाव्यानं.
पहिलीत पाटीवर ग काढला होता डाव्याने,
तेव्हा पेडणेकर बाईंनी पट्टी उभी धरून मारली.
जेवताना आई त्या हाताला फडकं बांधायची,
सैल, दुखू नये म्हणून.
मग घास, पेन, कुंकू, सुई, सही,
एकेक करून सगळं उजवीकडे नेलं,
भाडेकरू सामान हलवतो तसं.
चव्वेचाळीस वर्षं डोळा राहिला होता
जुन्याच पत्त्यावर.

हे त्याला सांगितलं नाही.
"लांबवालं द्या," म्हणाले.
त्याने रंध्याची धार अंगठ्यावर पाहिली.
"चार म्हयने लागतील.
जास्ती तासलं तर चिकटवता येत नाय परत."

लाकडी पट्टी माझ्या गळ्याच्या खळग्याला टेकवली,
दोन्ही हात पुढे, बोटांच्या टोकापर्यंत.
"ओढ किती?" स्वतःलाच विचारलं,
वाकून वाचलं,
आणि पेन्सिल थुंकीने ओली करून मांडलं:
हात डावा. वजन सव्वीस. ओढ, साडेसव्वीस इंच.
माझी ओढ आजवर कुणी मोजली नव्हती,
मोजली असती तर मीच जास्त सांगितली असती.

उपवनहून रिक्षा.
नौपाड्याला डाव्या हाताने पैसे पुढे केले.
"ताई, बोहनीये," रिक्षावाला म्हणाला, "उजव्या हाताने द्या."
दिले. सवय आहे.
डाव्याची तीन बोटं तेवढ्यात
पर्सच्या पट्ट्यावर वाकली होती.
लॅबचा जिना चढेपर्यंत
सुटली नाहीत.